लक्झरी टॅक्स म्हणजे पगाराची कमाल मर्यादा नव्हे

एप्रिल 2025 मध्ये पिट्सबर्गच्या पीएनसी पार्कमध्ये मोसमातला घरचा पहिला सामना सुरू असताना प्रेक्षक ओरडत होते, ‘सेल द टीम!’ (संघ विका!) पायरेट्स या बेसबॉल संघाचे मालक बॉब नटिंग खेळाडूंवर खर्च करताना हात आखडता घेतात, ही चाहत्यांची जुनी तक्रार. अशा वादात ‘लीगच्या नियमांनी संघाचे हात बांधलेले असतात’ असे कोणीतरी हटकून म्हणते. तसे नाही. गैरसमज होणे मात्र साहजिक आहे, कारण अमेरिकन फुटबॉलमध्ये तसा नियम खरोखरच आहे.

तिथे 1994 पासून सॅलरी कॅप (पगारखर्चाची सक्तीची कमाल मर्यादा) लागू आहे. बेसबॉलच्या मालकांनीही तेव्हा ती मागितली होती. खेळाडू संपावर गेले, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज (विजेतेपदाची मालिका) रद्द झाली आणि कॅप काही आली नाही. बेसबॉलमध्ये आहे तो लक्झरी टॅक्स (ठरावीक रकमेच्या वरच्या पगारखर्चावरचा कर). आपल्या वीजबिलासारखाच: 100 युनिटांपुढे वापरायला बंदी नसते, पुढच्या युनिटांना तेवढा चढा दर लागतो. 2025 साठी ही रक्कम 24 कोटी 10 लाख डॉलर होती. पहिल्यांदाच ती ओलांडणाऱ्या संघाचा खर्च 25 कोटी झाला, तर 20 टक्के कर फक्त वरच्या 90 लाखांवर, म्हणजे 18 लाख डॉलर. सलग ओलांडत राहिल्यास दर 30, मग 50 टक्के.

पैसा ओतला की विजय मिळतोच असेही नाही. 2023 मध्ये मेट्स संघाने अफाट खर्च करून 162 पैकी 87 सामने गमावले. पायरेट्सनी मात्र लक्झरी टॅक्स आजवर एकदाही भरलेला नाही.