अमरावतीचा रॅप पनवेलमध्ये ऐकताना: 'लांब' म्हणजे नक्की कुठून लांब?

इअरफोन घरी विसरलात म्हणून हा भाग वाचताय? बिनधास्त वाचा. जे बोललोय तेच लिहून काढलंय, फक्त मधले 'अं... म्हणजे... ते...' आणि मागून धडधडत गेलेली लोकल तेवढी कापलीय.

आजचा प्रश्न साधा आहे. रॅप म्हटलं की डोळ्यासमोर धारावी येते, कुर्ला येतो, फार तर पुणे. मग स्टुडिओ नाही, लेबल नाही, क्लब नाही अशा ठिकाणी बसून कुणी रॅपर होऊ शकतं का? उत्तर 'हो' आहे, आणि त्या 'हो'ला नाव आहे, गावही आहे.

कोण हा १००आरबीएच?

नाव आधी फोडूया. १०० म्हणजे हिंदीत 'सौ', आणि पुढचं आरबीएच वाचायचं 'रभ'. झालं सौरभ! सौरभ अभ्यंकर, मुक्काम अमरावती. पनवेलपासून सहाशे किलोमीटरहून जास्त अंतर. रात्री मुंबईहून गाडीत बसलात तर सकाळी उतराल.

आता अमरावती म्हणजे काही जंगल नाही. मोठं शहर आहे, विभागाचं मुख्यालय आहे. पण संगीताच्या धंद्याच्या नकाशावर ते कुठेच नव्हतं. तरी १४ फेब्रुवारी २०१९ ला 'गली बॉय' आला, तेव्हा त्यातल्या 'इंडिया ९१' या गाण्यात देशभरातल्या वेगवेगळ्या भाषांच्या रॅपर्समध्ये अमरावतीचा हा पोरगाही होता. गाण्याला संगीत विवेक राजगोपालन यांचं. पुढे तो 'स्वदेसी' या मुंबईच्या बहुभाषिक ग्रुपसोबत दिसला, आणि २०२३ मध्ये 'एमटीव्ही हसल'च्या तिसऱ्या सीझनमध्ये टीव्हीवर पोचला. आणि तो एकटा नाही. आंबेडकरी विचार रॅपमधून मांडणारा विपिन तातड, तोही अमरावतीचाच.

एकाच गावातून दोन नावं आली की 'चमत्कार' हा शब्द बाजूला ठेवायचा आणि कारण शोधायचं.

कारण पहिलं: तिथे माणसं आधीपासूनच तालात बोलत होती

रॅपची जन्मतारीख सगळे सांगतात ती ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कमधलं ब्रॉन्क्स, डीजे कूल हर्कची पार्टी. ठीक आहे. पण तालावर बोलणं, समोरच्याला प्रश्न विचारणं, गर्दीकडून उत्तर काढून घेणं, हे त्या पार्टीच्या कितीतरी आधी अमरावती जिल्ह्यात चालू होतं.

गाडगेबाबा आठवा. १८७६ चा जन्म, शेंडगाव. त्यांचं कीर्तन म्हणजे प्रवचन नव्हे, सवाल-जवाब. तेही वऱ्हाडीत. बाबा विचारणार, लोक ओरडून उत्तर देणार, आणि त्या उत्तरातच लोक स्वतःच्या अंधश्रद्धेत पकडले जाणार. आज स्टेजवरचा रॅपर गर्दीकडून ओळ पूर्ण करून घेतो ना? तीच युक्ती.

तुकडोजी महाराज, १९०९ चा जन्म, गाव यावली, पुढे मोझरीचा गुरुकुंज आश्रम. हातात खंजिरी. एक माणूस, एक तालवाद्य आणि सरळ लोकांशी बोलणारे शब्द. गझलवाले सुरेश भट, १९३२ चा जन्म, तेही अमरावतीचेच. त्यात राज्यभर वस्त्यावस्त्यांत वाजणारी भीमगीतं धरा. वामनदादा कर्डकांनी अशी हजारो गाणी लिहिली, आणि ती पोचवायला कुठलं लेबल नव्हतं. गाणारी माणसं आणि ऐकणारी वस्ती, एवढंच.

म्हणजे अमरावती लांब आहे ती स्टुडिओपासून. गाण्यापासून ती कधीच लांब नव्हती.

कारण दुसरं: बोलीत यमक फुकट मिळतं

हा मुद्दा जरा नीट ऐका, म्हणजे वाचा, कारण इथेच बरेच नवे रॅपर चुकतात. 'गावचं बोललो तर लोक हसतील' म्हणून ते भाषा 'शुद्ध' करतात आणि हातातलं हत्यार टाकून देतात.

वऱ्हाडीत 'मला, तुला, घराला' याचं होतं 'मले, तुले, घराले'. 'डोळा' होतो 'डोया'. 'काय करतोयस' होतं 'काय करून राह्यला'. प्रमाण मराठीत ज्या शब्दांचं यमक जुळत नाही, ते इथे आपोआप जुळतं. शिवाय 'राह्यला'सारखं शेपूट ओळीच्या शेवटी ताल भरायला आयतं मिळतं.

आता आपल्या पनवेलकडे या. आगरीत 'ळ'चा 'ल' होतो, 'ण'चा 'न' होतो. प्रमाण भाषेत 'कोळी' आणि 'खोली' यांचं यमक थोडं लंगडं. आगरीत म्हणा: कोली, खोली, बोली, मोली. चार शब्द रांगेत उभे! आणि आपल्याकडच्या लग्नात धवला म्हणणारी धवलारीण आजही बोलावली जाते. विधी चालू असताना न थांबता, एका चालीत, ओळीमागून ओळ. सोळा ओळींत दमणाऱ्याने तिच्या शेजारी एकदा बसून बघावं.

सोळा ओळी किती वेळात होतात माहितीये? बीट मिनिटाला ९० ठोक्यांची असेल तर चार ठोक्यांची एक ओळ म्हणजे साधारण २.७ सेकंद. सोळा ओळी म्हणजे सुमारे ४३ सेकंद. तेवढाच वेळ असतो तुमच्याकडे. त्यात उसनी भाषा सांभाळत बसलात तर सांगायचं ते राहूनच जातं.

कारण तिसरं: सांगायला काहीतरी असतं

'स्वदेसी'चंच 'द वारली रिव्होल्ट' घ्या. आरेच्या जंगलातल्या पाड्यावर राहणारे प्रकाश भोईर त्यात आहेत. विषय जमिनीचा, आदिवासींच्या हक्काचा. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं रातोरात कापली गेली, तेव्हा हा विषय सगळ्या मुंबईला कळला. पाड्यावर तो आधीपासून होता.

जमिनीचा विषय आपल्याला नवा आहे का? १९७० मध्ये सिडको आली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व आलं. ८ ऑक्टोबर २०२५ ला इथल्याच विमानतळाचं उद्घाटन झालं. ज्या घरात या प्रत्येक तारखेचा एकेक माणूस जेवायला बसतो, तिथल्या मुलाला विषय शोधायला ब्रॉन्क्सला जायची गरज नाही.

मग अडतं कुठे?

खरं सांगायचं तर माइकवर नाही अडत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. आवाज फोनवर रेकॉर्ड होतो, गोधडी अंगावर घेतली की घुमणंही कमी होतं. अडतं ते हक्कांवर आणि पैशांवर. लांबच्या पोराला हे समजावणारं आसपास कुणी नसतं, म्हणून त्याचंच नुकसान जास्त. तेव्हा चार गोष्टी लिहून ठेवा.

एक, यूट्यूबवरची 'फ्री' बीट बहुतेक वेळा फक्त सरावापुरती फ्री असते. गाणं कमाईसाठी टाकायचं असेल तर लायसन्स घ्यावं लागतं. स्वस्त लायसन्समध्ये तीच बीट आणखी पन्नास जणांना विकलेली असू शकते, आणि उद्या तुमच्याच गाण्यावर दुसऱ्याचा दावा येऊ शकतो. पावती आणि अटी जपून ठेवा.

दोन, आकडे. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर १ कोटी व्ह्यूज. २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात १,००० पेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला पैसे मिळत नाहीत. म्हणून पहिल्या गाण्यासाठी कर्ज काढू नका.

तीन, सही. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनुसार गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कुठली कंपनी करार करून काढून घेऊ शकत नाही. रॅपर हा गीतकार असतो, हे विसरू नका. 'सगळे हक्क आमचे' अशी ओळ दिसली की पेन खाली ठेवा आणि आधी कुणा वकिलाला दाखवा.

चार, आयपीआरएस. १९६९ पासून गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणारी संस्था आहे. गाणी लोकांपर्यंत पोचायला लागली की सदस्य व्हा.

तर मंडळी, पुढच्या वेळी कुणी म्हणालं, 'रॅप करायचाय तर मुंबई गाठ,' तर त्याला अमरावती सांगा. मुंबईला जरूर जा, शो करायला, ओळखी करायला. पण लिहायचं ते घरी जसं बोलता तसंच.

या आठवड्याचा गृहपाठ: घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्यांच्या लग्नातलं किंवा आंदोलनातलं एक गाणं म्हणायला सांगा, फोनवर रेकॉर्ड करा, आणि त्यावर बोटांनी ठोके मोजा. बीट तिथेच सापडेल. भेटू पुढच्या भागात!