कॅमेरा खांद्यावर कशाला?

अनुमापनाचा प्रयोग आम्ही डीएसएलआर कॅमेऱ्याने चित्रित केला, पण पडद्यावर ब्यूरेटचे आकडे नाचत होते. मुलांना एकही वाचता येईना. हा कॅमेरा मुळात फोटोंचा. २००८ साली निकॉन डी-९० आणि कॅनन ५-डी मार्क-२ पासून त्याने व्हिडिओही घेता येऊ लागला, तरी घडण आखूडच राहिली. हातांचा थरकाप सरळ चित्रात उतरतो. त्यावर उपाय खांद्यावर टेकवायच्या सांगाड्याचा, म्हणजे शोल्डर रिगचा. तो निवडायचा कसा?

आधी एक प्रयोग करू. मीटरपट्टी मध्यभागी मुठीत धरा. पाव-पाव किलोच्या दोन पुड्या मुठीलगत बांधून मनगटाने पट्टी झटपट इकडेतिकडे वळवा. मग त्याच पुड्या टोकांना बांधून पाहा. वजन तेवढेच, पण पट्टी वळता वळत नाही. जडत्व आघूर्ण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते ना! पुढे कॅमेरा आणि पाठीमागे प्रतिभार असलेला लांब रिग बारीक थरथर दाबतो, तो असा.

प्रतिभाराचे दुसरे काम तरफेचे. दीड किलोचा कॅमेरा खांद्यापुढे ३० सेंमीवर असेल, तर मागे २० सेंमीवर सव्वादोन किलो हवेत. खांद्यावर पावणेचार किलो येतात खरे, पण हातांवरचा भार जातो. आणि थकलेले हातच जास्त थरथरतात. म्हणून प्रतिभार नसलेला स्वस्त रिग आम्ही घेणार नाही. दुकानात आपलाच कॅमेरा चढवून पकड क्षणभर सैल करून पाहावी. (खाली सोबत्याचा हात असू द्यावा!)

चालताना बसणारे पावलांचे हिसके मात्र रिगने जात नाहीत. आणि ब्यूरेटसाठी? तिथे ट्रायपॉडच बरा.