गळका नळ आणि जपानी चिप

१९७३ साली जपानच्या शार्प कंपनीने ‘ईएल-८०५’ हा खिशात मावणारा कॅल्क्युलेटर आणला. एका पेन्सिल सेलवर तो सुमारे १०० तास चालायचा. त्याच कंपनीचा १९६४चा पहिला इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर २५ किलोंचा होता! नऊ वर्षांत असं काय बदललं? सेल तोच जुना. बदलला होता डिस्प्ले, जो आता एलसीडी होता, आणि आतली चिप, जी सीमॉस पद्धतीची होती.

सीमॉस म्हणजे काय? एकाखाली एक असे दोन नळ समजा. वरचा उघडला की खालचा बंद, खालचा उघडला की वरचा बंद. त्यामुळे पाणी सरळ वाहून जात नाही. शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होताना मधलं भांडं भरतं किंवा रिकामं होतं, तेवढाच खर्च. आधीच्या एनमॉस पद्धतीत वरचा नळ कायम थोडा उघडाच असायचा.

पण सीमॉस मंद, असा समज होता. घड्याळं-कॅल्क्युलेटरला ठीक, कॉम्प्युटरला नको. १९७८मध्ये हिताचीच्या तोशिआकी मासुहारा यांच्या टीमने ४ किलोबिटची सीमॉस मेमरी चिप दाखवली. वेग इंटेलच्या २१४७ या एनमॉस चिपच्या तोडीचा, पण करंट ११० मिलिअँपिअरऐवजी १५! समज तिथेच मोडला.

पुढची काटकसर व्होल्टेजमध्ये होती. व्होल्टेज निम्मं केलं की भांडं भरायची ऊर्जा चौथाईवर येते. मात्र चिप मंदावते. वेग टिकवायचा तर नळाची चावी सैल ठेवावी लागते, म्हणजे ट्रान्झिस्टर कमी व्होल्टेजला चालू होईल असा बनवायचा. आणि चावी सैल म्हणजे गळती आलीच. चिप नुसती बसून असली तरी वीज जाते.

यावर १९९५मध्ये जपानच्याच एनटीटीच्या संशोधकांनी १ व्होल्टवर चालणारा उपाय मांडला. हिशेब करणारे ट्रान्झिस्टर सैल आणि वेगवान, पण वीज येते त्या वाटेवर एक घट्ट ट्रान्झिस्टर. गावाला जाताना आपण पाण्याचा मेन कॉक बंद करतो ना, अगदी तसंच. अडचण एकच: वीज तोडली की साठवलेली माहितीही जाते. म्हणून जपायचं ते वेगळ्या, चालू भागात ठेवावं लागतं.

आज तुमचा फोन खिशात पडून असतो, तेव्हा त्याच्या चिपचे बरेचसे भाग असेच मेन कॉक बंद करून झोपलेले असतात.