अभ्यंग (उपचार)

अभ्यंग म्हणजे सर्वांगाला कोमट तेल लावून ते ठरावीक पद्धतीने जिरवण्याची आयुर्वेदातील प्रक्रिया होय. ‘अभि’ हा उपसर्ग आणि ‘माखणे’ या अर्थाचा ‘अंज्’ हा संस्कृत धातू यांपासून हा शब्द तयार झाला आहे. नरक चतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणे लावून केल्या जाणाऱ्या अभ्यंगस्नानामुळे, तसेच बाळ-बाळंतिणीच्या मालिशीमुळे ही कल्पना महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे. आयुर्वेदीय चिकित्सालयातील अभ्यंग मात्र वैद्याने तपासून दिलेला उपचार असतो. प्रथमच येणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने तेल लावण्यापूर्वीची विचारपूस हा त्याचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय.

ग्रंथांतील उल्लेख

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात अभ्यंगाचे वर्णन आले आहे. तेलाच्या योगाने मातीचा घडा, चामडे आणि गाडीचा आख जसे टिकाऊ होतात, तसे शरीर दृढ होते, असा दृष्टान्त तेथे दिलेला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात अभ्यंगाचा समावेश दिनचर्येत केला असून डोके, कान आणि तळपाय यांना विशेषत्वाने तेल लावण्यास सांगितले आहे. त्याच ठिकाणी कफविकार झालेल्या, नुकतीच वमनादी शुद्धी झालेल्या आणि अजीर्ण असलेल्या व्यक्तींसाठी अभ्यंग वर्ज्य मानला आहे. अर्थात, अभ्यंग सर्वांनी सर्वकाळ करावा, असे मूळ ग्रंथांतही म्हटलेले नाही. पंचकर्मांत अभ्यंगाची गणना होत नाही. तो स्नेहनाचा बाह्य प्रकार असून स्वेदनासह पंचकर्मांच्या पूर्वकर्मात मोडतो.

पूर्वतयारी

अभ्यंग भरल्या पोटी करत नाहीत. त्यामुळे जेवणानंतर किमान दोन तासांनी येण्यास सांगितले जाते. तेलाचे डाग सहसा निघत नसल्याने जुने, सैल कपडे घालणे सोयीचे असते. दागिने, घड्याळ आणि चष्मा काढून ठेवावे लागतात. चालू औषधांची यादी व अलीकडील तपासण्यांचे अहवाल सोबत असल्यास वैद्याचे काम सुकर होते. विचारपूस, अभ्यंग, स्वेदन आणि स्नान या सर्वांना मिळून साधारणपणे दीड ते दोन तास लागतात. त्यांपैकी प्रत्यक्ष अभ्यंग पाऊण तास ते एक तास चालतो.

पहिली तपासणी

पहिल्या भेटीत वैद्य तक्रारीचे स्वरूप, भूक, झोप, मलप्रवृत्ती, पूर्वीचे आजार आणि शस्त्रक्रिया यांविषयी प्रश्न विचारतात. नाडी व जीभ पाहून प्रकृतीचा अंदाज घेतला जातो. रक्तदाबही मोजला जातो. मालिशीला आलेल्या माणसाला हे प्रश्न अनावश्यक वाटण्याचा संभव असतो. तथापि पुढील बाबी न विचारता सांगणेही हिताचे असते :

एका पोटरीत अचानक आलेली सूज, ऊब वा दुखणे. खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचे हे लक्षण असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात अडकल्यास जिवावर बेतू शकते. अशा वेळी अभ्यंग न करता रुग्णाला तातडीने रुग्णालयात पाठवावे लागते.

रक्त पातळ करणारी औषधे, हाडांचा ठिसूळपणा, नुकताच झालेला अस्थिभंग अथवा शस्त्रक्रिया.

मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेली असणे. अशा रुग्णाला स्वेदनाच्या वेळी चटका बसला तरी तो जाणवत नाही.

गर्भारपण, कर्करोग, हृदयविकार, ताप, उघडी जखम आणि त्वचेचा संसर्ग.

तिळाची अथवा अन्य कोणत्याही पदार्थाची ॲलर्जी. अभ्यंगाच्या पुष्कळशा तेलांचा आधार तिळाचे तेल हाच असतो.

या उत्तरांनुसार तेल, दाब आणि कालावधी ठरतात. वातविकारांत आणि सांधेदुखीत महानारायण तेलाचा वापर पुष्कळ होतो. काही वेळा त्या दिवशी अभ्यंग न करण्याचा निर्णयही घेतला जातो.

प्रत्यक्ष प्रक्रिया

पुरुष रुग्णासाठी पुरुष आणि स्त्री रुग्णासाठी स्त्री परिचारिका असावी, असा संकेत आहे. रुग्णाला लंगोट अथवा एकदा वापरून टाकून द्यायचे वस्त्र देतात आणि ज्या भागावर काम चालू नाही तो चादरीने झाकतात. उपचार द्रोणीवर होतो. द्रोणी म्हणजे तेल खाली ओघळू नये म्हणून कडा उंच ठेवलेले लांबट लाकडी मेज. तेल गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट केले जाते.

प्रारंभी रुग्णाला बसवून टाळू, कान आणि मान यांना तेल लावतात. त्यानंतर उताणे, कुशीवर आणि पालथे झोपवून उर्वरित शरीराला अभ्यंग केला जातो. हातापायांच्या लांब भागांवर सरळ, तर सांध्यांवर वर्तुळाकार हात फिरवतात. पोटावर हलक्या हाताने नाभीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तेल लावले जाते. आखडलेल्या स्नायूंवर किंचित दुखणे स्वाभाविक असते. तीव्र कळ, मुंग्या वा बधिरपणा मात्र तत्काळ सांगावा लागतो.

अभ्यंगानंतर बहुधा पेटीस्वेद दिला जातो. यात शरीर वाफेच्या पेटीत आणि डोके बाहेर असते. घाम येऊन अंग हलके वाटू लागताच वाफ थांबवतात. चक्कर, धडधड अथवा मळमळ झाल्यास ती त्याआधीच थांबवावी लागते. शेवटी मुगाचे वा डाळीचे पीठ लावून कोमट पाण्याने स्नान केले जाते. तेलकट पायांनी घसरण्याचा धोका असल्याने द्रोणीवरून उतरताना आणि स्नानगृहात जाताना आधार घेणे आवश्यक असते.

उपचारानंतर

त्या दिवशी हलका, गरम आहार, विश्रांती आणि गार वाऱ्यापासून बचाव असा सल्ला दिला जातो. सुस्ती येणे वा दुसऱ्या दिवशी अंग किंचित दुखणे सामान्य मानले जाते. पुरळ, वाढती सूज, छातीत दुखणे किंवा धाप लागणे ही लक्षणे दिसल्यास वैद्यकीय मदत घेणे आवश्यक असते.

रुग्णाची संमती

खोलीत सोबत कोणी असावे, अमुक भागाला हात लावू नये, दाब कमी करावा किंवा उपचार अर्ध्यावर थांबवावा, असे सांगण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार असतो. त्यासाठी कारण देण्याची गरज नसते. गुप्तांगांना व स्त्रियांच्या स्तनांना स्पर्श करणे हा सर्वांगाच्या नेहमीच्या अभ्यंगाचा भाग नाही. महाराष्ट्रात आयुर्वेदीय चिकित्सकांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन या संस्थेकडे होते. वैद्याचा नोंदणी क्रमांक विचारणे रास्त समजले जाते.

परिणामकारकता

अभ्यंगाने आराम वाटतो, स्नायू सैलावतात आणि कोरडी त्वचा मऊ होते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. कंबरदुखीवरील मालिशीच्या प्रयोगांचा कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये आढावा घेतला. त्यात अल्पकाळ फरक पडल्याचे दिसले, परंतु उपलब्ध पुराव्याचा दर्जा कमी असल्याचे नमूद करण्यात आले. काही सहभागी व्यक्तींचे दुखणे वाढल्याचीही नोंद त्यात आहे. हे प्रयोग सर्वसाधारण मालिशीचे असल्याने त्यांचे निष्कर्ष अभ्यंगाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. मधुमेह, रक्तदाब वा कर्करोग यांवरील चालू औषधे अभ्यंगाच्या भरवशावर बंद करणे धोक्याचे ठरते.