लस टोचलेल्या कुत्र्याचा दात लागला, तर?

“अहो, आमच्या कुत्र्याला सगळी इंजेक्शने दिलेली आहेत, काही होत नाही.” शेजारच्या पाळीव कुत्र्याचा दात मुलाच्या हाताला लागला की हे वाक्य हमखास ऐकू येते. जखमही तशी किरकोळच असते. जरासे खरचटलेले, रक्ताचा थेंबही नाही. मग वर हळद दाबली जाते आणि विषय संपतो. पण तो तिथे संपवणे धोक्याचे आहे.

रेबीजचा विषाणू आजारी जनावराच्या लाळेत असतो. कातडीला भेग पडली की तो आत शिरतो आणि नसांच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. लक्षणे दिसायला बहुधा दोन-तीन महिने लागतात. कधी एक आठवडा, तर कधी वर्षही. मात्र लक्षणे एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून जे करायचे ते आधीच करायला हवे.

मग कुत्र्याला दिलेल्या लसीचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे. तिने धोका पुष्कळ कमी होतो, पण नाहीसा होत नाही. पिल्लू फार लहान असताना लस दिली, पुढचे डोस चुकले किंवा लस नीट थंड ठेवली गेली नाही, तर कार्डावर शिक्का असतो आणि कुत्र्याच्या अंगात पुरेशी प्रतिकारशक्ती नसते. म्हणून ते कार्ड डॉक्टरांना जरूर दाखवा. पण कार्ड आहे म्हणून दवाखाना टाळू नका.

पहिला उपाय घरातच आहे. कुत्र्याची लाळ लागली की पाक होण्यासाठी आपण हात धुतोच. जखम धुणे मात्र त्याहून वेगळे. नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण 15 मिनिटे धुवा. हळद, मिरची, चुना, तेल काही लावू नका. झाडफुकीत वेळ घालवू नका.

मग त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. धड कातडीवर नुसते चाटले असेल, तर लस लागत नाही. रक्त न येता खरचटले असेल, तर लस लागते. रक्त आले, आधीच्या जखमेवर कुत्र्याने चाटले किंवा लाळ डोळ्यात-तोंडात गेली, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. सरकारी दवाखान्यांत लस मोफत मिळते. दंडावर घ्यायची सुई पोटात घेण्याचे दिवस केव्हाच गेले. गरोदर बाई आणि अंगावर पिणारे मूल यांनाही ती देता येते.

लस सुरू ठेवून कुत्र्यावर 10 दिवस नजर ठेवा. लाळेत विषाणू असलेला कुत्रा एवढ्या दिवसांत आजारी पडतो किंवा मरतो. दहा दिवसांनंतरही तो धडधाकट असेल, तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असे समजतात आणि पुढचे डोस थांबवायचे की नाही ते डॉक्टर ठरवतात. आधी वाट पाहायची आणि मग लस घ्यायची, असे मात्र करू नका. तारखेचा डोस रमजानमध्ये आला तरी चुकवू नका. अशा इंजेक्शनाने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलमांचे मत आहे.

आणखी एक. ओरडा बसेल म्हणून मुले असे ओरखडे लपवतात. कुत्र्याने चाटले, नख मारले तरी लगेच सांगायचे, कोणी रागावणार नाही, हे अम्मी-अब्बांनी मुलांना आजच सांगून ठेवावे.