संकेतस्थळावरील मजकूर : नक्कल, संपादन आणि स्वतंत्र निर्मिती

नवी दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत झाशीच्या राणीचे नाव धारण करते. अशा वसाहतीची माहिती देणारे आणि जाहिरातींवर चालणारे संकेतस्थळ उभारावयाचे झाल्यास राणीविषयीच्या मजकुराची गरज हमखास निर्माण होते. हा मजकूर तयार उचलावा की नव्याने लिहावा, हा प्रश्न वरवर व्यावहारिक वाटतो; परंतु त्यात कायदा, अर्थकारण आणि इतिहासाची विश्वसनीयता या तिन्हींचा संबंध येतो.

भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. सुभद्राकुमारी चौहान यांचे निधन १९४८ साली झाले. त्यामुळे राणीवरील त्यांची सुप्रसिद्ध कविता २००९ च्या आरंभी सर्वांस खुली झाली. वृंदावनलाल वर्मा १९६९ साली निवर्तले. त्यांच्या कादंबरीवरील हक्क २०२९ अखेरपर्यंत कायम राहतो. विषय एकच असूनही एक कृती मुक्त आहे, तर दुसरी संरक्षित आहे. राणीच्या जीवनातील घटनांवर मात्र कोणाचाच हक्क नसतो. हक्क असतो तो त्या घटना मांडणाऱ्या शब्दरचनेवर.

जुन्या मजकुरावर संपादकाने केलेल्या कामाचे काय, हा पुढील प्रश्न होय. मॅकमिलन आणि मुंबईचे के. अँड जे. कूपर यांच्यातील वादात प्रिव्ही कौन्सिलने १९२० च्या दशकात असे ठरविले की, जुन्या ग्रंथातील उतारे केवळ वेचून जोडल्याने नवा हक्क निर्माण होत नाही. त्यांवर लिहिलेल्या स्वतंत्र टीपांना मात्र तो लाभतो. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २००७ रोजी हाच विचार पुढे नेला. प्रतिवादींनी न्यायनिर्णयांचे संग्रह सीडी-रॉमवर विक्रीस आणले होते. निर्णयांचा मूळ मजकूर कोणासही छापता येतो. परंतु संपादकांनी पाडलेले परिच्छेद, त्यांतील अंतर्गत संदर्भ आणि शीर्षटीपा यांची नक्कल करता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. केवळ श्रम वा पैसा खर्च केल्याने मौलिकता येत नाही; त्यासाठी कौशल्य, विवेक आणि अल्पशी का होईना सर्जकता लागते, हे या निर्णयाचे सार होय.

राणीविषयीच्या मराठी साधनांना हा निकष लावून पाहणे उद्बोधक ठरते. वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी झाशीचा वेढा प्रत्यक्ष अनुभवला. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली संपादून प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली आली. वैद्यांनी मजकुरात फेरफार केले होते, हे त्यावरून स्पष्ट झाले. गोडसे आणि वैद्य यांच्या शब्दांवरील हक्क आज संपुष्टात आला आहे. पोतदारांचे निधन १९७९ साली झाल्याने त्यांच्या स्वतंत्र प्रस्तावनेवरील हक्क मात्र संपलेला नाही. म्हणजे १९०७ चा पाठ जसाच्या तसा उतरविणे कायदेशीर आहे. पण आवृत्ती न सांगता तो दिल्यास वैद्यांची भाषा गोडशांच्या नावावर खपते. एकाची नक्कल दुसरा करतो आणि पाहता पाहता संपादकाचा शब्द साक्षीदाराचा शब्द होऊन बसतो. या हानीवर कायद्यात उपाय नाही.

आर्थिक हिशेबही नक्कलेच्या बाजूने फार काळ राहत नाही. एकच मजकूर अनेक ठिकाणी आढळल्यास शोधयंत्र सामान्यतः त्यांपैकी एकच पान दाखविते. उरलेली पाने वाचकापर्यंत पोहोचत नाहीत आणि वाचकाविना जाहिरातीचे उत्पन्न नाही. गुगलने २०११ साली ‘पांडा’ या बदलाद्वारे निकृष्ट व उसन्या मजकुराच्या संकेतस्थळांचे स्थान खाली आणले. मार्च २०२४ मध्ये मोठ्या प्रमाणावर यांत्रिक रीतीने निर्मिलेल्या निरुपयोगी मजकुराविरुद्धही धोरण जाहीर केले. शिवाय २०१३ च्या स्वामित्वहक्क नियमांनुसार हक्कधारकाची लेखी तक्रार रास्त आढळल्यास मजकूर साठविणाऱ्या मध्यस्थास तो ३६ तासांत रोखावा लागतो. २१ दिवसांत न्यायालयीन आदेश न आल्यास तो पुन्हा खुला करता येतो.

तात्पर्य, नक्कल आणि स्वतंत्र निर्मिती यांत केवळ शब्द बदलण्याचे अंतर नाही. मुक्त साधन वापरताना त्याची आवृत्ती नोंदविणे, संरक्षित कृतीतून तथ्य घेऊन मांडणी स्वतःची करणे आणि दोन साधनांत भेद असल्यास तो वाचकासमोर ठेवणे, या तीन गोष्टींतून मजकुराला मौलिकता येते. लक्ष्मीबाई नगराच्या नावामागील व्यक्ती जाणून घेऊ इच्छिणाऱ्या रहिवाशाला आपण वाचतो तो शब्द कोणाचा, हे कळणे अगत्याचे आहे. आणि जे संकेतस्थळ ते सांगू शकते, त्याच्याकडेच तो पुन्हा वळण्याचा संभव अधिक.