टक-टक करणारी हार्ड डिस्क

हार्ड डिस्कमधून ठरावीक अंतराने टक… टक… असा आवाज यायला लागला, की बहुतेक जण कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करून बघतात. नेमकं तेच करू नये.

डिस्कच्या आत अॅल्युमिनियमच्या किंवा काचेच्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांच्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो आणि आपले फोटो, हिशेब, सगळं त्या थरात. डेस्कटॉपमधल्या साडेतीन इंची डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला 7200 फेरे घेते. तिची बाहेरची कड ताशी 120 किलोमीटरहून जास्त वेगाने पळत असते. ग्रामोफोनची सुई तबकडीवर टेकते, इथलं वाचणारं-लिहिणारं हेड मात्र टेकता कामा नये. तबकडीबरोबर फिरणारी हवाच त्याला उचलून धरते आणि वाचताना दोघांमध्ये जेमतेम काही नॅनोमीटरची फट उरते. माणसाचा केस याच्या हजारो पट जाड! म्हणून डिस्क घरी उघडून बघणं म्हणजे तिच्यात धूळ सोडणं.

हेडला आपण कुठे आहोत हे कळावं म्हणून कारखान्यातच तबकडीवर खुणा लिहून ठेवतात. त्या सापडल्या नाहीत, की हेड धरणारा दांडा मागे येतो आणि पुन्हा शोधायला जातो. टक-टक बहुतेकदा त्याचीच असते. हेड निकामी झालेलं असतं, किंवा तबकडीवर घासलेलं असतं. घासलं असेल तर थराचे खरवडलेले कण आत उडतात, ते आणखी ओरखडे काढतात, आणि डिस्क जितका वेळ फिरेल तितका डेटा कायमचा जातो.

प्रत्येक डिस्क अशी आवाज करून जात नाही. एखादा सेक्टर, म्हणजे तबकडीवरचा डेटाचा छोटा तुकडा, वाचता येईना, की डिस्क त्याच्याऐवजी राखीव सेक्टर वापरते आणि ‘स्मार्ट’ नावाच्या नोंदीत तसं लिहून ठेवते. अशा बदललेल्या सेक्टरांचा आकडा वाढू लागला, की त्याच दिवशी बॅकअप घ्यावा. पण आकडा शून्य आहे म्हणून निर्धास्त राहू नये. गूगलने 2007 मध्ये स्वतःकडच्या 1,00,000 हून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या निम्म्याहून जास्त डिस्कमध्ये ‘स्मार्ट’च्या मुख्य चार इशाऱ्यांपैकी एकही आधी दिसला नव्हता.

आवाज आला, तर आधी वीज तोडा. दुरुस्तीचं सॉफ्टवेअर चालवू नका, फ्रीजरमध्ये तर मुळीच ठेवू नका. तबकडीवर दव धरतं. डेटा रिकव्हरीवाले धूळविरहित खोलीत त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड बसवतात, आधी पूर्ण प्रत काढतात आणि फाइली त्या प्रतीतून शोधतात.